नंबराला लावलेला डबा

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरी आले होते. संध्याकाळी आमच्या गावच्या शाळेचे सर हातात पॅड घेऊन गिरणीच्या दारात उभे राहिले. गिरणी आमचीच, पिठाची, घराला लागून. सरांनी माझ्या वडिलांना विचारलं, "घरात सहा ते चौदा वयाचं कुणी शाळाबाह्य मूल आहे का?"

आप्पांनी गिरणी बंद केली. गिरणी चालू असली की आप्पा सगळ्या प्रश्नांना "हाव" म्हणतात, आणि हा प्रश्न सरकारी दिसत होता.

"न्हाई गुरुजी," ते म्हणाले.

"आहे," सर म्हणाले. "तुमची धाकटी."

धाकटी तिथंच होती. थोड्या वेळापूर्वीच ती याच सरांच्या वर्गातून सुटून आली होती. दप्तर अजून पाठीवर होतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं सरांच्या डब्याकडे पाहिलं. निळ्या झाकणाचा तो डबा सकाळपासून दळणाच्या नंबराला लागलेला होता.

"गुरुजी, ही तर रोज येती की शाळेत."

"येते. मी कुठं नाही म्हणतो? मी रोज बघतो तिला. पण रजिस्टरात ती जूनपासून दोन दिवस हजर आहे. त्यातला एक दिवस माझ्याकडून चुकून लागला असेल."

"मग बाकीचे दिवस?"

"गैरहजर. इतके दिवस सलग गैरहजर म्हणजे शाळाबाह्य. नियम आहे, आप्पा. मला नाव घ्यावंच लागतं."

फॉर्मवर 'शाळेत न येण्याचे कारण' असा रकाना होता. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "काय लिहू?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नांदेडला बी.ए. करते, होस्टेलवर राहते. आप्पा चौथी शिकलेत आणि आईला सही येते. त्यामुळं घरात कागद आला की माझ्याकडे बघायचं असं आपोआप ठरून गेलं आहे. मला त्यातलं बहुतेक काही समजत नाही, पण मी बारावी झाले त्या दिवसापासून हे सांगायची सोय राहिलेली नाही.

"रोज येते असं लिहा सर," मी म्हणाले.

"कारण लिहायचंय गं," सर म्हणाले. "हे काही कारण होत नाही."

शेवटी त्यांनी 'इतर' लिहिलं.

हे कसं झालं ते सांगते. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिसरीत. चार वर्षांची होईपर्यंत ती बोलत नव्हती. आईनं मठात नेलं. स्वामींनी कपाळाला विभूती लावली आणि लातूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. लातूरला डॉक्टरीणबाईंनी दोन तास तिच्यासोबत फरशीवर बसून काढले आणि सांगितलं की हिला स्वमग्नता आहे, ऑटिझम. हा आजार नाही, ही अशीच आहे, अशीच राहील, पण शिकेल. आप्पांनी विचारलं, गोळ्या कोणत्या. गोळ्या नाहीत म्हटल्यावर आप्पांना वाटलं आपण उगीच इतक्या लांब आलो. तिथून मिळालेलं प्रमाणपत्र आम्ही प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. ते देवघराच्या वर असतं.

ती आता बोलते, थोडं. लागेल तेवढं. तिला शाळा आवडते, हे मी अंदाजानं सांगत नाही. ती रविवारीसुद्धा दप्तर घेऊन दारात उभी राहते, आणि रविवार आहे हे तिला दर रविवारी नव्यानं पटवावं लागतं.

तिला सोसत नाही ती एकच गोष्ट, हजेरी. आमच्या शाळेत पोरं हजेरीला "हजर सर" नुसतं म्हणत नाहीत. ओरडतात. कुणाचा आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत पोचतो अशी चढाओढ असते. ही चढाओढ फार जुनी आहे. मीही त्याच खोलीत शिकले, आणि चौथीत असताना माझा आवाज रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात ऐकू जायचा. दुकानदार माझ्या आईला कौतुकानं सांगायचे, तुमची पोरगी आज हजर हाय बरं का. आता लिहिताना त्याची थोडी लाज वाटते.

तर हजेरी सुरू झाली की धाकटी कान दाबून उठते आणि व्हरांड्यात जाऊन बसते. शेवटचं नाव झालं की परत येते. मग दिवसभर वर्गात असते, दुपारी खिचडी खाते, पाढे लिहिते. पण तिचं नाव पुकारलं जातं तेव्हा ती वर्गात नसते. आणि सरांचा नियम असा, की आवाज येईल तो हजर.

सर मुद्दाम त्रास देणारे नाहीत. आधीच्या शाळेत, कधी न आलेली पोरं त्यांच्या रजिस्टरात हजर सापडली होती. खिचडीच्या ताटल्यांची मोजणी झाली, चौकशी झाली. पोरं त्यांनी लावली नव्हती, पण सही त्यांची होती. तेव्हापासून ते डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, फक्त कानांवर ठेवतात.

गावात मात्र कुणालाच हे खरं वाटायचं नाही. "दिवसभर गिरणीत बसती की," बाया म्हणायच्या. "एवढी धडधड चालती तिला, अन् चोवीस पोरांचा आवाज चालत न्हाई? नाटक करून राहिली." खरं आहे, ती गिरणीत बसते. पालथ्या घातलेल्या डब्यावर, भिंतीला पाठ लावून. गिरणीचा आवाज एकसारखा असतो, सुरू होताना आप्पा हात वर करतात, बंद होताना पट्टा हळूहळू मंदावतो. पोरं कधी ओरडतील ते पोरांनाच माहीत नसतं. मला हे नांदेडला गेल्यावर, ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचून कळलं. धाकटी मात्र पहिल्यापासून तेच सांगत होती. पुस्तकात आल्याशिवाय मीही ते ऐकलं नव्हतं.

सरांनी जाताना समजावून सांगितलं. नाव यादीत गेलं. दिवाळीनंतर हजेरी लागू लागली तर ठीक, नाहीतर तिचं नाव घरी शिकवायच्या मुलांत जाईल. तालुक्याहून पंधरा दिवसांतून एकदा एक मॅडम येतील आणि घरी बसवून शिकवतील.

"तिच्याच सोयीचं आहे," सर म्हणाले. "कानाला त्रास नाही."

ते गेल्यावर आतून सगळं ऐकत असलेली आई दारात आली. मग म्हणाली, "पंधरा दिवसांतून एकदा. बाकीचे चौदा दिवस त्या डब्यावर बसंल. मग जन्मभर तिथंच बसंल." मग माझ्याकडे वळून, "तू शिकलेली हाईस की. बोल की जाऊन."

मी दिवाळीच्या सुट्टीत परत घरी आले, पण बोलायला गेले नाही. मला सरांशी बोलायची भीती वाटत होती. त्याऐवजी मी धाकटीलाच शिकवायचं ठरवलं. मला वाटलं, तिनं एकदा "हजर" म्हटलं की कुणाशी बोलायलाच नको. सगळ्यांना सोपं पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. सगळ्यांमध्ये मीच पहिली होते.

हजेरी शिकवायची तर वर्ग लागतो. आईला आणि आप्पांना मी वर्गात बसा म्हटलं तर दोघंही लाजले. मग मी नंबराला लागलेल्या डब्यांचाच वर्ग केला. धाकटी माणसांना नावानं ओळखत नाही, पण गावातला प्रत्येक डबा ओळखते. कोणता डबा कोणाच्या मागं लागला होता हे तिला आप्पांपेक्षा पक्कं माहीत असतं. म्हणून मी तशीच नावं पुकारायचे.

"निळं झाकण!"

कुणी बोलायचं नाही. मग मीच डब्याच्या वतीनं म्हणायचे, "हजर."

"तुटक्या कडीचा!"

"हजर."

"तेलाचा डबा!"

"हजर."

मग तिचं नाव, आणि मी थांबायचे. ती डब्यांकडे बघत बसायची. असे सहा दिवस गेले. दळणाला आलेली माणसं दारात उभी राहून बघायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, नांदेडला लई अभ्यास पडत असंल पोरीला.

सातव्या दिवशी मी "निळं झाकण" म्हटलं, आणि मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "हजर."

मी आईला हाक मारली. आई पिठाच्या हातानं धावत आली. मी पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक डब्याला ती, न ओरडता, एका सुरात, हजर म्हणत गेली. तिच्या नावालाही म्हणाली. आईनं त्या रात्री शिरा केला. मी होस्टेलवर परतले तेव्हा माझ्या मनात होतं, की आपण एक काम नीट केलं.

शाळा उघडल्यावर दोन दिवसांनी आप्पांचा फोन आला. आप्पा फोनवर गिरणीत बोलल्यासारखे बोलतात.

"तुझ्या बहिणीनं हजेरी दिली," ते ओरडले.

"दिली ना!"

"सगळ्यांची दिली."

झालं असं, की व्हरांड्यातून, कान दाबून, तिनं पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकाला "हजर" म्हटलं. पोरं आधी हसली, मग त्यांनी ओरडणं सोडून दिलं, कारण आयतंच काम होत होतं. दोन पोरं तापानं घरी होती, ती हजर झाली. एक पोरगा मामाकडे धर्माबादला गेला होता, तोही हजर झाला. सर आप्पांना म्हणाले होते, "आधी एक मुलगी गैरहजर होती. आता ती एकटी सगळा वर्ग हजर करून राहिली, म्हणून तिचा आवाजही मला धरता येत नाही. हे मी कोणत्या रकान्यात लिहू?" आणि असंही म्हणाले होते, की आठ दिवसांनी यादी तालुक्याला जाते.

धाकटीची काही चूक नव्हती. तिला मी शिकवलं होतं की डब्याच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं. ती सगळ्यांच्या वतीनं बोलली. तिच्या वतीनं बोलायचं काम माझं होतं आणि ते मी करत नव्हते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं, मुखेडमार्गे, मी घरी निघाले. हेही लिहून टाकते. त्या दिवशी कॉलेजात माझी हजेरी माझ्या मैत्रिणीनं लावली. मागच्या बाकावरून, आवाज थोडा बदलून, "येस सर." म्हणजे मी बसमध्ये होते तेव्हा नांदेडला हजर होते, आणि माझी बहीण वर्गात बसून गैरहजर होती. हे मला बसमध्येच सुचलं, पण सरांसमोर वापरायची हिंमत झाली नसती, आणि वापरलं असतं तर माझंच नाव आधी गेलं असतं.

मी चार पानी अर्ज लिहून नेला होता. त्यात पुस्तकातले बरेच शब्द होते. सर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी अर्ज सगळा वाचला. मला वाटलं नव्हतं ते वाचतील.

"विषय लिहिला नाहीस," ते म्हणाले.

मी वर 'विषय' लिहिला.

"आता यात तुझी मागणी कुठं आहे?"

मी शोधली. ती तिसऱ्या पानाच्या शेवटी होती. 'तिला आवाज न देता हजर धरावे.'

"कशावरून धरू?"

"ती इथंच असते सर. दिसते."

"मला दिसते. उद्या कुणी तपासायला आलं, विचारलं ही व्हरांड्यातली मुलगी वर्गात कशी, तर मी काय दाखवू? खूण काय?"

मी देवघरावरचं प्रमाणपत्र पुढं केलं. त्यांनी तेही वाचलं, दोन्ही बाजूंनी. मागची बाजू कोरी होती.

"यात हजेरी कशी घ्यायची ते लिहिलंय का?"

"नाही सर."

खिचडी शिजवणाऱ्या मावशी शेजारी भांडी घासत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ताटली तर मी रोज धुते तिची. गैरहजर पोरगी जेवती कशी, ते बी लिवा की एकदा."

"मावशी, तुम्ही त्यात पडू नका," सर म्हणाले. "ताटल्यांनीच मला एकदा गोत्यात आणलंय."

सरांनी अर्ज घडी घालून रजिस्टरात ठेवला. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "बुधवारी यादी जाते." मी घरी आले आणि आईला सांगितलं की अर्ज दिला. आईला वाटलं काम झालं. अर्ज देणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिला सांगता आलं नाही.

रविवारी सकाळपासून लाइट नव्हती. अशा दिवशी लोक डबा आणून नंबराला लावतात आणि आपापल्या कामाला जातात. आमच्याकडे चिठ्ठी नाही, वही नाही. डबा लावला की नंबर लागला. माणूस शेतात जावो, उदगीरला जाऊन येवो, त्याचा नंबर हलत नाही. डबा पुढं सरकवायचा नाही हा नियम आप्पांच्या वडिलांपासूनचा आहे, आणि धाकटी बसायला लागल्यापासून तो कुणी मोडू शकत नाही.

दुपारी लाइट आली, पुढचे दोन डबे दळून झाले आणि तिसरा नंबर आला. निळं झाकण. सर नव्हते. वरच्या आळीच्या एक मावशी होत्या, घरी पाहुणे आलेले, घाईत. त्यांनी आपला तेलाचा डबा पायानं पुढं सरकवला. धाकटीनं उठून तो जागेवर नेऊन ठेवला. मावशींनी परत आणला. तिनं परत नेला.

"अगं ए, मी जितीजागती उभी हाय हितं!" मावशी आप्पांना म्हणाल्या, "ह्या डब्याचा मालक कुठंय, आप्पा? उभं माणूस मोठं का डबा मोठा?"

"मावशी, डबा हाय म्हणजे माणूस हाय," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात सर आले. केस ओले होते, लाइट आल्याचं कळताच निघाले असावेत.

"माझा डबा आठ वाजल्यापासून आहे," ते म्हणाले.

"असंल. पर तुमी न्हवता की. हाक मारली तवा ओ दिली न्हाईत."

"ओ कशाला द्यायला पाहिजे?" सरांचा आवाज चढला. "डबा आहे ना समोर! गावात कुणालाही विचारा कुणाचा आहे!"

मी कोपऱ्यात पोती झाडत होते. मी म्हणाले, "सर."

"काय?"

"नाही, म्हणजे, तुमचा डबा... तसंच तिचं दप्तर..."

"काय तिचं दप्तर?"

"काही नाही सर."

आप्पांचा हात स्टार्टरवर होता. त्यांनी तो काढून घेतला. आप्पा शाळेच्या फाटकाच्या आत कधी गेलेले नाहीत. मला पहिलीत घालतानाही फाटकाबाहेर थांबले होते. पण हे शाळेचं नव्हतं, गिरणीचं होतं.

"ती म्हणती, गुरुजी," आप्पा सावकाश म्हणाले, "तुमचा डबा ओ न देता चालत असंल, तर तिचं दप्तर कामून चालत न्हाई?"

सर दळणाच्या रांगेकडे बघत राहिले.

"दप्तरं सगळ्यांची सारखीच असतात," ते शेवटी म्हणाले. "शाळेतूनच मिळालेली. खूण पटत नाही."

"मग द्या की पोरीला एक डबा!" मावशी ओरडल्या. "डब्याला काय दुष्काळ पडलाय हितं? द्या डबा अन् चालू करा गिरणी, माझे पाहुणे उपाशी बसलेत!"

"आणि डबा ठेवून घरी गेली तर?" सर आप्पांना म्हणाले. ते अगदी मनापासून विचारत होते.

"डबा टाकून कोण जातंय गुरुजी? अन् गेलं तरी पीठ न्यायला येतंच."

आप्पांनी हात वर केला, धाकटीनं तो बघितला, आणि गिरणी सुरू झाली. त्यानंतर कुणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं. सरांनी पीठ चिमटीत घेऊन बघितलं, मला ऐकू आलं नाही पण तोंडावरून "जाडं आलंय" म्हणाले असावेत, आणि डबा उचलून गेले.

सोमवारी मी धाकटीला घेऊन शाळेत गेले. तिनं रविवारी संध्याकाळीच घरातले सगळे डबे बाहेर काढून एक निवडला होता. लहान, पत्र्याचा, लाल झाकणाचा, पूर्वी त्यात लवंगा असायच्या. वर्गात जाऊन तिनं तो सरांच्या टेबलावर डाव्या कोपऱ्यात ठेवला.

"इथं नको," सर म्हणाले, "इथं खडू असतात." त्यांनी डबा उजवीकडे ठेवला.

तिनं परत डावीकडे आणला.

सरांनी पुन्हा उजवीकडे नेला. तिनं पुन्हा डावीकडे आणला. वर्ग बघत होता. मी दारात उभी होते आणि मला वाटत होतं की आता सगळं इथंच मोडणार. मग सरांनी खडूची पेटी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली.

ती व्हरांड्यात जाऊन कान दाबून बसली. हजेरी सुरू झाली. तिचं नाव आलं तेव्हा सरांनी सवयीनं पुकारलं, थांबले, लाल झाकणाकडे बघितलं, आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला दारातून दिसत नव्हतं. पण पहिल्या बाकावरचा पोरगा रजिस्टरात डोकावला आणि वर्गाला सांगितलं, "लागली!"

"सर, माझ्याकडं बी डबा हाय," मागून एक जण म्हणाला.

"तू गप बस."

बुधवारची यादी राहिली होती. सरांनी मला फॉर्म दाखवला. एकदा शाळाबाह्य म्हणून घेतलेलं नाव खोडायला त्यात जागाच नव्हती. नाव बाहेर काढायची एकच वाट होती, 'शोध घेऊन शाळेत दाखल केले'. त्यासाठी फोटो लागत होता.

"म्हणजे तिला परत दाखल करायचं?" मी विचारलं.

"करावं लागेल."

"जिथं ती आहे तिथंच?"

"हो."

मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतर, माझ्या बहिणीला तिच्याच वर्गात दाखल करून घेण्यात आलं. सरांनी शाळेच्या कुंडीतलं गुलाबाचं फूल तोडून तिच्यापुढं धरलं. ज्या पुस्तकांतून ती जूनपासून शिकत होती ती तिच्याकडून घेऊन तिला परत देण्यात आली. खिचडीच्या मावशींना टाळ्या वाजवायला सांगितलं, पण त्या वाजवायला लागताच धाकटीनं कान दाबले, म्हणून टाळ्या बंद करण्यात आल्या. फोटो मी काढला. फोटोत सर हसत आहेत. धाकटी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, लाल झाकणाकडे बघतेय. फूल सरांच्याच हातात राहिलं आहे.

मी नांदेडला परतले. पुढं रोज संध्याकाळी आई फोन करायची आणि दुसरं काही सांगायच्या आधी सांगायची, "आज लागली." कधी कधी एवढंच बोलून ठेवून द्यायची. सर मधे आठवडाभर प्रशिक्षणाला गेले, तेव्हा दुसऱ्या सरांना डब्याचं कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या दिवशी ती राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या पोरानं सांगितलं. चौथीनंतर ती मोठ्या गावच्या शाळेत जाईल, तिथं एका वर्गात साठ पोरं आहेत आणि टेबलावर जागा असेल की नाही माहीत नाही. तो अर्ज मी आत्तापासून लिहून ठेवते आहे. एक पानी. विषय वर आहे.

शिवरात्र झाल्यावर एका बुधवारी आईचा फोन दुपारीच आला. धाकटीला ताप होता. सकाळी ती दप्तर घेऊन उठली आणि परत झोपली.

"तुझे आप्पा मनले, डबा तेवढा पाठवू का कुणाबरोबर," आई म्हणाली. "मी मनले, न्हाई. ती घरी हाय तर डबा घरी."

"मग?"

"मग काय. लागली गैरहजर." मग आई म्हणाली, "आज खरी लागली."

ती हे ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून कुणाला वाटलं असतं की पोरीचा नंबर आला आहे.

फोन ठेवल्यावर मी मैत्रिणीला सांगितलं, की पुढच्या वेळी मी घरी गेले तर माझी "येस सर" म्हणू नकोस. ती म्हणाली, का गं, हजेरी कमी पडेल. मी म्हणाले, पडू दे. तिला कारण हवं होतं. मी म्हणाले, 'इतर' समज.